बारा ग्लास आणि दवाखान्याचा रस्ता

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस. मी धड आहे, फक्त दारातून आधी पोट बाहेर पडतं आणि मग मी. फोन केला असता, पण फोन ह्यांच्याजवळ असतो आणि हे सगळं ह्यांच्यासमोर बोलता येण्यासारखं नाही. माझी शाळा चौथीत सुटली हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. दिवस भरायला वीस दिवस राहिलेत आणि भीतीनं माझा जीव अर्धा झालाय.

आधी ह्यांचं सांगते. हे काचेच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत ना. दिवसभर ग्लास कागदात गुंडाळायचे, पेंढ्यात बसवायचे, खोका बंद करायचा आणि त्यावर बाण काढायचा, ही बाजू वर. मला दिवस गेल्यापासून मीसुद्धा ह्यांना खोकाच वाटते. जिना उतरले की मागून सावकाश, सावकाश. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं डोकं खाली आलंय, छान झालं. तर हे तिथंच उठून उभे राहिले, "खाली? अहो मग सरळ करा की त्याला!" डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. घरी आल्यावर पोटाला तोंड लावून त्याला समजावत बसले, की बाबा रे, आमच्याकडचे नियम तुला लागू नाहीत, तू आहेस तसाच राहा.

आता असा माणूस काही लपवेल असं तुला वाटतं का? मलाही वाटलं नव्हतं. पण आधी घरातली एक उशी गेली. विचारलं तर म्हणाले, उन्हात टाकलीय. ऊन कुठलं, आमच्या खोलीला खिडकी एकच, ती पण भिंतीकडे तोंड करून. दोन दिवसांनी उशी आली, तिच्यात पेंढ्याच्या काड्या. मग निळी चादर गेली. मग दुपारी जेवायला घरी येणारा माणूस येईनासा झाला, "काम आहे गं." काम कसलं ते सांगेनात. खोटं बोलताना ह्यांचे कान लाल होतात, तुला माहीत नसेल, मला माहीत आहे.

खालच्या मजल्यावर शिलाईवाली काकू राहते. ती एक दिवस माझ्या ब्लाउजची शिवण उसवता उसवता म्हणाली, तुझा नवरा काल रिक्षात दिसला. बाळंतिणींच्या दवाखान्याजवळ. मांडीवर निळ्या चादरीत काहीतरी गुंडाळलेलं होतं, अगदी छातीशी धरून बसला होता, आणि रिक्षावाल्याला हळू, हळू म्हणत होता. ताई, माझं अजून पोटात आहे, मग ह्यांच्या मांडीवर कुणाचं होतं?

त्याच दिवशी शर्ट धुवायला घेतला तर खिशात चिठ्ठी. ह्यांचंच अक्षर. बाजार पाच. पूल तीन. शाळेमागून एक. मी ती काकूला नेऊन दाखवली. मला रडू येत होतं, म्हटलं काकू, ह्यांची गावभर पोरं आहेत. बाजारात पाच, पुलापाशी तीन. काकूनं चष्मा लावला, दोनदा वाचली आणि म्हणाली, "अगं, नऊ पोरं? त्या माणसाला स्वतःच्या चपला सापडत नाहीत!" पण तिलाही दुसरं काही सुचेना. तुझ्याकडे निघून यायचं असं मी ठरवलं होतं. पिशवीसुद्धा भरली होती. तुला आता सांगते.

काकू म्हणाली, जायचं तर डोळ्यांनी बघून जा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला धरून दवाखान्याच्या फाटकापर्यंत घेऊन गेली. औषधाच्या दुकानाच्या आडोशाला उभ्या राहिलो. पाय सुजलेले. तेवढ्यात रिक्षा आली आणि हे उतरले, ते निळं बोचकं घेऊन. फाटकाजवळच्या ओट्यावर त्यांनी ते ठेवलं, माझी उशी खाली सारखी केली आणि चादर सोडली. आत खोका. खोक्यात पेंढा आणि ग्लास. एकेक काढून उजेडात धरून बघायला लागले. बारा ग्लास, ताई. मी पुढं गेले तर ह्यांचे कान शेंदरासारखे लाल. रिक्षावालाच बोलला, "वहिनी बरं झालं आलात. ह्यांनी मला येडं केलंय. रोज निराळ्या रस्त्यानं नेतो, रोज फुटके मोजतात, आणि वर मला ऐकवतात की बाई बसलीय असं समजून चालव. बाई कधी येणार ते तरी सांगा!" काकू तर ओट्यावर बसूनच हसली. हे मात्र हसले नाहीत. हातातला ग्लास दाखवून म्हणाले, "आज एकही नाही फुटला. शाळेमागून वळून पाण्याच्या टाकीकडून यायचं." आणि मग मलाच रागावले, "तू चालत कशाला आलीस? कुठल्या रस्त्यानं आलीस?"

परतताना त्याच रिक्षात मला बसवलं आणि खोका मांडीवर घेऊन स्वतः पुढं रिक्षावाल्याला चिकटून बसले. वाटेत मान न वळवता म्हणाले, "तूच म्हणाली होतीस ना, तुझ्या वेळी दवाखान्यात नेताना आई वाटेतच गेली, गाडी खड्ड्यात आदळली म्हणून." मला ह्यांच्या पाठीकडे बघवेना. घरी येऊन भरलेली पिशवी मी रिकामी केली.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. काल तपासायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुझी आई तुझ्या वेळी गेली म्हणतेस, नेमकं काय झालं होतं? रक्त गेलं, झटके आले, काय? मी म्हटलं, रस्ता खराब होता. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नुसत्या रस्त्यानं बाई जात नाही गं, तेव्हा जवळ कोण होतं त्याला विचार, मला माहीत असलं तर आधीपासून तयारी ठेवता येईल. जवळ तू होतीस. आईचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. लहानपणापासून मी विचारलं की तू खड्डा सांगायचीस, आणि सांगताना कधी माझ्याकडे बघायची नाहीस. ताई, ह्यांच्यावरचा संशय गेला, पण आता मला तुझा येतो. खरं काय झालं ते लिही. तू कुणाला बोलवायला उशीर केलास, किंवा आईनं नको म्हटलं म्हणून गप्प बसलीस, असं काही असेल तर तेही लिही. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, मी तुला कधी काही म्हणणार नाही. ह्यांना मी अजून बोलले नाही. चांगला रस्ता सापडला म्हणून बिचारे निवांत झोपतात. पत्र यायला चार दिवस लागतात, तेव्हा वाचलंस की लगेच बस लिहायला.

खरं ऐकायला तयार असलेली,
तुझीच धाकटी