शर्टावरचं माप

देवळाली कॅम्प,
गुरुवार, दि. १४ ऑगस्ट २००३

गोरक्ष यास,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही. इकडे सर्व खुशाल. तुझी बहीण ललिता खुशाल, गुडघे तेवढे दुखतात तिचे. पाऊस बरा आहे. दुकान चालू आहे. तुझ्यावाचून काही अडलं नाही, हे आधीच लिहून टाकतो.

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांत पहिलं, आणि तेही गरज पडली तेव्हा. वर पुन्हा ‘दाजींच्या चरणी नमस्कार’! वा रे वा! धुळ्याचा कोणी बंदूकवाला तुला कारागीर म्हणून ठेवायला तयार आहे, पण लायसनवर नाव चढवायचं तर कचेरीला मागच्या उस्तादाचा दाखला हवा. बारा वर्षं काम केलं, हातून कसूर झाली नाही, असा. तो म्हणे मी द्यायचा. महिनाअखेर नाही मिळाला तर जागा दुसऱ्याला जाईल, आणि चाळिशीच्या माणसाला पुन्हा कोणी विचारणार नाही, हेही खाली लिहिलंस. म्हणजे मला पाझर फुटावा.

कोणत्या तोंडानं मागतोस रे? मालेगावात यंत्रमागांना धोट्याचा दणका सोसणारे रबरी तुकडे बसवतोस असं ऐकलं. बरं काम आहे. तेच कर. मागाला डोळे नसतात.

माझ्याकडे आलास तेव्हा बावीस वर्षांचा घोडा होतास. बंदुकीचं जे लाकूड खांद्याला टेकतं त्याला दस्ता म्हणतात, एवढंसुद्धा तुला येत नव्हतं. ‘दाजी, ही मागची फळी’ म्हणायचास. बार उडाला की बंदूक मागे येते आणि तो धक्का खांद्यानं खायचा की रबरानं, इथपासून तुला शिकवलं. दस्त्यामागची विलायती रबरी गादी कोणाला परवडत होती? भंगारातलं मिलिटरी ट्रकच्या टायरचं रबर, मोच्याकडचे चपलांचे तळवे, रेल्वे रुळांखालच्या खाचांच्या रबरी पट्ट्या, जे मिळेल ते कापून, घासून आपण गाद्या केल्या. दस्ता आखूड असला तर लाकूड आणि गादीच्या मध्ये बेकलाइटच्या कडक चकत्या घालून लांबी वाढवायची. रबर घासताना दस्त्याला कागदी टेप गुंडाळायची, नाहीतर पॉलिश जातं, हे तुला किती वेळा सांगितलं, त्याची गणती नाही.

गादीला आडवी भोकं पाडायची युक्ती तुझी, कबूल. पितळी नळीला धार लावून, साबणाच्या पाण्यात बुडवून आरपार भोकं पाडलीस, आणि टायरचं कडक रबर उशीसारखं दबायला लागलं. गिऱ्हाइकं खूश झाली. आणि तू डोक्यावर चढून बसलास.

दुकानाचा एक नियम होता. माप अंगातल्या शर्टावर घ्यायचं. गिऱ्हाईक कोट घालून येवो नाहीतर स्वेटर, आधी ते काढायला लावायचं, मग दस्ता कोपराच्या बेचक्यात धरून बोट चापापर्यंत नीट पोचतं का ते बघायचं. कारण जाड कपडा म्हणजे अर्धा इंच. थंडीत घेतलेलं माप उन्हाळ्यात आखूड पडतं. आणि घेतलेलं माप गादीखाली लाकडावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचं, पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. सुभेदार चिमाजींचं माप तू कोटावरून घेतलंस तेव्हा मी तुझ्या बोटांवर फूटपट्टी मोडली होती. आठवतं ना?

मग ललितच्या वेळी काय झालं? द्राक्षवाल्यांचा मुलगा, चष्मेवाला, सरळ स्वभावाचा. नेमबाजीच्या संघात निवड व्हायची बाकी होती. शहाण्णवच्या डिसेंबरात त्याची तीनशे पंधरा बोअरची रायफल तू घेतलीस, माप तू घेतलंस, गादी तू कापलीस. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात त्यानं पालथं पडून बार काढला, दस्ता आखूड पडला, वरची दुर्बीण मागे येऊन चष्म्यावर आदळली आणि काच उजव्या डोळ्यात गेली. डोळा गेला. चौकशीला माणसं आली, विचारलं, “हे काम कोणी केलं?” वहीत तुझी सही. मी म्हणालो, “गोरक्षनं.” यात खोटं काय आहे?

तू समोर उभा होतास. तुला तोंड नव्हतं? दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं तरी मूग गिळून बसलास. खरा माणूस असा गप्प बसतो होय? तिथून परस्पर मालेगावची गाडी धरलीस, बहिणीलाही भेटला नाहीस.

दाखला मिळणार नाही. पुन्हा लिहू नकोस.

यादव


शनिवार, दि. १६

वरचं पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं. काल पंधरा ऑगस्ट, पोस्ट बंद. आज टाकणार, तर सकाळी दुकान उघडताच ललित आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. उजव्या बाजूचं काही बघायचं तर त्याला मान पुरी फिरवावी लागते. हातात तीच रायफल.

“काका, डाव्या खांद्याला बसवून द्या. डाव्या डोळ्यानं शिकलोय मी आता.”

मी म्हणालो, “ठेवून जा, सवडीनं बघतो.”

“आत्ताच उघडा ना. लय लांबनं आलोय.”

उघडावी लागली. स्क्रू काढले, गादी निघाली, खाली एक चकती, तिच्याखाली लाकूड. त्यावर तुझं कोंबडीच्या पायासारखं अक्षर. ‘ललित. शर्टावर. सव्वाचौदा. चकत्या दोन.’ मी अंगठ्यानं झाकायला गेलो, पण पोराचा एकच डोळा आहे, तरी माझ्यापेक्षा बरा चालतो.

“काका, इथं दोन लिहिलंय. दुसरी कुठंय?”

मी म्हणालो, “पडली असेल.”

पडली! दोन स्क्रूंनी आवळलेली चकती कुठे पडते रे गोरक्ष? तू असतास तर हसला असतास. तो हसला नाही. “असंल,” म्हणाला आणि निघाला. पायरीवरून वळून म्हणाला, “गोरक्षदादाचा राग नाय मला. चुकतो माणूस. आता मात्र तुम्ही स्वतःच्या हातानं करा काका, तुमच्यावर भरवसा आहे.”

तो गेल्यावर दुपारपर्यंत मी एक काम केलं नाही. गिऱ्हाइकांवर खेकसलो. तुला शिव्या घातल्या, मोठ्यानं, एकटाच. मग हे लिहायला घेतलं.

त्या डिसेंबरात ललित रायफल न्यायला आला तेव्हा तू नाशिकरोडला स्क्रू आणायला गेला होतास. थंडी कडाक्याची. त्याच्या अंगात ते कापूस भरलेलं जाड जर्किन होतं. त्यानं रायफल खांद्याला लावली आणि म्हणाला, “काका, थोडी लांब वाटती. पण गोरक्षदादानं केलीय म्हणजे बरोबरच असंल. मागं त्यांनी केलेल्या गादीनं धक्काच लागला नाय. आता माझं काम त्यांनाच देत जा.” माझ्या दुकानात, माझ्या तोंडावर. तीस वर्षं लाकडं घासून माझ्या बोटांच्या रेषा गेल्या, आणि हा मला सांगतो, काम त्यांनाच द्या!

मी म्हणालो, “दे इकडे, स्क्रू आवळून देतो.” त्याला कळू न देता आत नेऊन गादी उघडली, अर्ध्या इंचाची चकती काढली, पुन्हा आवळली. जर्किनावर बरोबर बसली. स्क्रू आवळल्यानंच जमली असं समजून तो खूश होऊन गेला.

जर्किन मला दिसत होतं, गोरक्ष. विसरलो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. ‘जर्किन काढ’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण ते काढलं असतं तर तुझं माप बरोबर निघालं असतं. ते मला नको होतं. एवढ्यासाठी त्या पोराचा डोळा गेला.

चौकशीत त्यांनी नुसती गादी काढून रायफल टेबलावर ठेवली, लाकडावरचं अक्षर चकतीखालीच झाकलेलं राहिलं, तेव्हा तू आधी ती एकच चकती बघितलीस, मग माझ्याकडे बघितलंस. तुला तिथंच कळलं. आणि तू मान खाली घातलीस. का, तेही मला ठाऊक आहे. माझं लायसन गेलं असतं तर तुझी बहीण रस्त्यावर आली असती. मोठा आला उपकार करणारा! तेव्हा माझी गचांडी धरली असतीस, चार लोकांत मला खोटारडा म्हणाला असतास, तर मी एकदाच मेलो असतो. तू गप्प बसलास आणि मला सहा वर्षं तुझ्या उपकारावर जगायला लावलंस. त्याचा मला राग येतो. अजून येतो. हे पत्र लिहितानाही येतोय.

दाखला सोबत जोडला आहे. बारा वर्षं काम केलं, कसूर नाही, ललितचं माप बरोबर होतं, चकती यादव महादू गायखे यानं स्वतः काढली आणि चौकशीत खोटं सांगितलं, असं स्वच्छ लिहून सही-शिक्का केला आहे. वाचून फाडशील आणि ‘जाऊ द्या दाजी’ म्हणशील, तुझी खोड मला माहीत आहे. फाडू नकोस. कचेरीत दे. माझं लायसन जाईल, जाऊ दे. ललितच्या मळ्यावर मी उद्या जाणार आहे. तो काय करेल ते करो, त्याचा हक्क आहे.

माफी मागत नाही. मागितली की तू लगेच देशील, आणि तुझं तेवढं मोठेपण मला सोसणार नाही.

हे सगळं आता ललिताला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल. तिनं एवढंच विचारलं, “सहा वर्षं मला माझ्या भावाला राखी बांधू दिली नाय, ती यापायी?” मी हो म्हणालो. ती उठली, पिशवीत चार लुगडी भरली, गुडघ्याचं तेल घेतलं. उद्या पहिल्या एसटीनं मालेगावला निघते आहे. हे पत्र पोस्टानं येणार नाही, तीच आणून देईल. परत कधी येणार ते तिनं सांगितलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

तू तिला ठेवून घेशील. ठेवून घेतलंस तरी मला एक शब्द बोलता येणार नाही. पण बारा वर्षं मी तुला हुकूमच केले, मागितलं कधी काही नाही. आता मागतो. चार दिवस राहू दे तिला, पोटभर बोला, मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. मग तिला गाडीत बसवून दे. येणारच नाही म्हणाली, तरी एकदा माझ्यासाठी तिला सांगून बघ.

अजून नातं ठेवणार असशील तर, तुझा दाजी,
यादव