बारा पिशव्या समुद्र

४ जानेवारी १९७१, सोमवार

आज ऑफिसात समुद्र आला. बारा कापडी पिशव्यांतून, गोंदियाच्या छोट्या गाडीने. पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाला भोक पाडताहेत, तिथल्या खडकाचा चुरा. नागपूरच्या प्रयोगशाळेची भट्टी बिघडली, म्हणून आमच्या खनिज कार्यालयाकडे. एरवी इथे मँगनीजशिवाय काही येत नाही.

मोतीलाल साहेब म्हणाले, "कुछ नहीं करना है, प्रभाकर. तौलो, जलाओ, फिर तौलो. जितना घटा, उतना लिख दो." वजन जास्त घटलं तर खडकात गाडले गेलेले जीव जास्त. जीव जास्त तर तेल जास्त. बस.

एवढ्यासाठी मी बी.एस्सी. झालो? अख्ख्या बेसिनचा, म्हणजे समुद्राखालच्या त्या सगळ्या खोलगट खडकाचा, अहवाल लिहिणार. ऐंशी पानं. मुदत २५ तारीख. भरपूर आहे.

समुद्र मी पाहिलेला नाही. त्यामुळे मत निःपक्षपाती राहील.

६ जानेवारी

शीर्षक लाल शाईने लिहिलं. अर्पणपत्रिकाही. वजनं उद्यापासून.

या अहवालावर तेल खात्यात बदली आता जवळजवळ नक्की. सरकारी क्वार्टरच्या यादीत माझा नंबर पहिला होता, तो ऑफिसातल्या खेमराजला देऊन टाकला. उन्हाळ्यात आम्ही किनाऱ्यावर असू. सुनंदा म्हणाली, ऑर्डर येऊ द्यायची होती. बायकांना दूरदृष्टी नसते.

९ जानेवारी, शनिवार

पिशव्या घरी आणल्या. ऑफिसात कोणाला व्हिजन नाही. चुरा धुवावा लागतो. बारा वेळा कोण धुणार? बेसिन एकच आहे. सगळं एका घमेल्यात भिजवलं. अंगणात ठेवलं.

१० जानेवारी, सकाळी ११

घमेलं रिकामं.

कामवाल्या शेवंताबाईने त्या चुऱ्याने चूल लिंपली. अंघोळीच्या पाण्याचीही. म्हणाली, "मले काय मालूम साहेब? बाईनं माती भिजवली वाटलं. बेस चिकट होती. पाहा न, एक भेग नाही."

भेग नव्हतीच. तशी नोंद केली.

सुनंदा म्हणते, संक्रांतीआधी चुलीला हात लावायचा नाही. तिळगूळ व्हायचा आहे. शांतपणे विचार केला. खडक जमिनीच्या पोटात तापल्याशिवाय तेल होत नाही, हे शास्त्र आहे. हा उशीर नव्हे. परिपक्वता आहे.

१७ जानेवारी, रविवार

सुरीने चूल खरवडली. थर सहज निघाला. बाराही पिशव्यांत चमच्याने सारखा वाटला. सुनंदा दारात उभी. "काहून करून राह्यले हे? साहेबाले खरं सांगून टाका न." तिला म्हटलं, हाच तो खडक आहे, फक्त मधे थोडा वापरला.

१९ जानेवारी

जाळलं. घट एकतीस टक्के! चांगल्या खडकात एक-दोन टक्क्यांवर लोक खूष होतात. बाराही पिशव्यांत एकतीस. अशी एकरूपता निसर्गात दुर्मिळ.

मोतीलाल साहेब आत डोकावले. "कौन मिठाई बना रहा है?"

२५ जानेवारी

अहवाल रवाना. ऐंशीची तीन पानं झाली. निष्कर्ष: असा खडक जगात आजवर सापडलेला नाही.

८ फेब्रुवारी

नागपूरहून पत्र. मोठे भूवैज्ञानिक स्वतः येताहेत. नाव गुणाकरराव. कोटाला इस्त्री केली.

खेमराज क्वार्टरमध्ये राहायला गेला. नळ घरातच आहे म्हणतो. त्याचं भलं होवो.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

गुणाकररावांनी उरलेला चुरा भिंगाखाली धरला. चिमट्याने एक दाणा काढला. विचारलं, हा कोणता जीवाश्म? मी म्हटलं, नवीन जात असावी. त्यांनी तो तोंडात टाकला. चावला. म्हणाले, "तीळ आहे."

चहाला घरी आणलं, विषय बदलावा म्हणून. सुनंदाने चहा उकळायच्या आत घमेल्यापासून सगळं सांगितलं. शेवंताबाईला बोलावून साक्षही काढली. गुणाकरराव पोट धरून हसले. मीही हसलो. मग ते थांबले. म्हणाले, "या बारा पिशव्यांसाठी चाळीस माणसं दीड महिना समुद्रावर होती, प्रभाकर. त्याच जागी पुन्हा भोक पाडता येत नाही."

चुलीपाशी गेले. कोपऱ्यात थोडा थर राहिला होता. तो स्वतः बोटाने काढून पुडीत बांधला.

पुडीवर मी क्रमांक लिहिला: एक ते बारा.

१ मार्च

बदलीची ऑर्डर आली! समुद्राकडे नाही. परसवाड्याला. विहिरींची पाणीपातळी मोजणे. मोतीलाल साहेब म्हणाले, वजन-काटा नाही, भट्टी नाही, सिर्फ रस्सी है.

सुनंदाने भांडी बांधायला घेतली.

जमिनीखालच्या द्रवांचा स्वतंत्र अभ्यास आजवर कोणी केलेला नाही. तालुक्याचा अहवाल करणार. चाळीस पानं पुरेत.

१० मार्च, परसवाडा

विहीर क्रमांक एक. दोर साठ फूट सोडला.

कोरडी.