वडलांना 'इज'

मंगळवार, २० जुलै २००४

काल वर्गात बोलून गेले ते आजही मनातून जात नाही. आठवीच्या मुलींचा इंग्रजी निबंध, 'माझे वडील'. लोणी काळभोरहून येणाऱ्या वैशालीने सगळीकडे 'माय फादर आर' लिहिलेलं. मी विचारलं, "वडील किती आहेत गं तुला?" वर्ग हसला. हसवायचंच होतं का मला?

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, वडलांना इज कसं म्हणायचं? घरी आम्ही ते आले म्हणतो. तो आला नाय म्हणत."

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. "इंग्रजीत असंच असतं," म्हणून मोकळी झाले. प्रत्येक 'आर' खोडला, प्रत्येकामागे एक गुण कापला. त्याच गुणांवर आज शाळेच्या नव्या जर्मनच्या वर्गासाठी निवडलेल्या मुलींची यादी लागली. तिचं नाव नाही.

मधल्या सुट्टीत जर्मनच्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, जर्मनमध्ये परक्या मोठ्या माणसाशी बोलताना क्रियापद अनेकवचनीच लागतं. तिला ते शिकवावंही लागलं नसतं." मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "यादी लागली आहे. आपणच गुण दिलेत ना?"

मीच दिले. त्या 'आर'ला चूक म्हणायचं तरी कसं?

शाळा सुटताना वैशालीने निबंध पुन्हा लिहून आणला. 'माय मदर इज'. एकही चूक नाही. "आणि वडील?" मी विचारलं.

"आईला मी अगं-तुगं करते मॅडम," ती म्हणाली. "तिला इज चालतंय."