निवेदक तटस्थ असावा

तीर्थस्वरूप हेल्मीताईच्या चरणी धाकट्या आर्वोचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं या रविवारी बर्फाला टेकवून झाली आहेत, तेव्हा हा नमस्कार नुसता कागदी समजू नये. तपशील यथावकाश.) तुझा नवा गुडघा वाकायला लागला का? जुना तर कधी कुणापुढे वाकला नाही. दुलूथमध्ये थंडी कमी झाली असेल. इथे सरोवर अजून गोठलेलंच आहे, आणि मार्च अर्धा उलटला तरी शेजारचा वाइनो कालसुद्धा त्यावर भोक पाडून मासे धरत बसला होता.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. लुमीच्या सामन्यांना घालायला म्हणून तू मला तिच्या नावाची लोकरी टोपी विणून पाठवलीस, तिच्यावर ‘लुमी’ नाही, ‘मुली’ आहे. शब्दातली अक्षरं अशी जागा बदलतात हे मी गेली चोवीस वर्षं कॉलेजात संस्कृतच्या वर्गाला शिकवतो आहे, पण भाषेला त्यासाठी निदान दोन-तीनशे वर्षं लागतात. तू ते एका हिवाळ्यात, चष्मा न लावता उरकलंस. तीस वर्षं इस्पितळाच्या अपघात विभागात लोकांची कपाळं रेषेत शिवणाऱ्या परिचारिकेला एवढीशी अक्षरं रेषेत बसवता येऊ नयेत? शिवाय आपली आजी तिच्या जुन्या देशाच्या भाषेत खेचराला जवळजवळ हेच म्हणायची, हे तुला आठवत असेलच. तू मुद्दाम केलंस असा माझा आरोप नाही. संशय आहे.

तर, आम्ही जिंकलो. (हे तुला टीव्हीवर दिसलंच असेल, पण लिहिण्यातलं सुख मी सोडणार नाही.) कॉलेजच्या मुलींची राष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धा, शेवटचे चार संघ, यजमान आमचं चिमुकलं कॉलेज, आणि गोलात आपली लुमी. तिचं हे शेवटचं वर्ष. एप्रिलात देशाच्या संघासाठी निवड शिबिर आहे, त्याला फक्त पाच गोलरक्षक बोलावणार, आणि ती त्यांतली एक असणार की नाही ते याच सामन्यात ठरणार होतं. त्यामुळे गेला महिनाभर आमच्या घरात कुणी मोठ्यानं शिंकलेलं नाही. (कुणी म्हणजे मीच. दुसरं आहे कोण?)

शुक्रवारच्या उपांत्य सामन्यात आमचा नेहमीचा निवेदक गॉर्डी याचा घसा बसला. आपण जिंकल्यावर निवेदकानं ओरडायचं नसतं, तो ओरडला. शनिवारी सकाळी क्रीडा विभागाची मार्लीन माझ्या दारात. “आर्वो, तुला मेलेल्या भाषा येतात ना?” मी म्हटलं, येतात. “मग जिवंत पोरींची नावं तुला जड जायची नाहीत.” अंतिम सामन्यात समोर बॉस्टनकडचा संघ होता आणि त्यात प्रिबिलोवा, थिबोदो अशी एकेक नावं होती की गॉर्डीसुद्धा ती खोकल्यात दडवायचा. मी म्हटलं, अगं, मी गोलरक्षकाचा बाप आहे. “ते कुणाला सांगू नकोस,” मार्लीन म्हणाली. “राष्ट्रीय स्पर्धेत निवेदक तटस्थ असावा लागतो.” आता तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला, ही व्युत्पत्ती मी तिला सांगितली, आणि पाण्यात आपलीच पोर असेल तर तटावर कसं उभं राहायचं ते विचारलं. ती म्हणाली, “बसून.”

निवेदकाची खुर्ची बर्फाला लागून असते आणि तिथे कानाचे तुकडे पडतात, म्हणून टोपी घालणं भाग होतं. पहिल्या सत्रात कॅमेरा माझ्याकडे वळला आणि वरच्या मोठ्या पडद्यावर पाच हजार लोकांना ‘मुली’ दिसलं. विद्यार्थ्यांना अर्थ कळेना. मग मागच्या रांगेतल्या, आजीची भाषा येणाऱ्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी तो त्यांना पुरवला. (वाइनो त्यात होता. मासे धरायला तो कधीही जाऊ शकतो, पण नेमक्या वेळी कुठे असावं हे त्याला उपजत कळतं.) तेवढ्यात बॉस्टनकडच्यांनी पहिला गोल केला आणि त्यांची पोरं रिवाजाप्रमाणे लुमीकडे बोटं रोखून “चाळण! चाळण!” म्हणून ओरडू लागली. चाळणीला संस्कृतात तितउ म्हणतात. त्यात अ आणि उ शेजारी शेजारी बसूनही संधी करत नाहीत. गाडीतून जाताना लुमी आणि मी बसतो तसे. हे विवेचन ध्वनिक्षेपकावरून करावं असं मला क्षणभर वाटलं, पण त्याआधीच आमच्या पोरांनी उत्तर शोधलं होतं. “मुली! मुली!” सगळं सभागृह माझ्या पोरीला खेचर म्हणत होतं, ताई, आणि इतक्या प्रेमानं की माझे डोळे भरून आले. लुमीनं मुखवटा वर करून माझ्याकडे असं पाहिलं की मी कागदपत्रांत डोकं घातलं.

दुसऱ्या सत्रात आम्ही बरोबरी साधली, आणि लगेच थिबोदो सरळ लुमीच्या अंगावर जाऊन आदळली. थिबोदोचा गुडघा लुमीच्या मुखवट्यावर बसला. लुमी पडली ती पडलीच. संघाच्या डॉक्टरीणबाई धावत गेल्या, गुडघे टेकून तिला काही विचारू लागल्या. मला थिबोदोची दोन मिनिटांची शिक्षा जाहीर करायची होती. गॉर्डीचा घसा शाबूत असता तर तो नाव आणि गुन्हा सांगून मोकळा झाला असता. पण माझे डोळे लुमीवर होते, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून पाठ असलेलंच बाहेर येतं. पूजेच्या आरंभी संकल्प सांगतात, अमुक देशी, अमुक काळी, अमुक वारी, तशी माझी गाडी सुटली: आज रविवार, स्थळ आपलंच सभागृह, सत्र दुसरं, आठ मिनिटं वीस सेकंद, गुण एक-एक, शेवटचा गोल यजमानांचा. सगळीकडे शांतता होती, त्यामुळे शब्द न् शब्द छतावरच्या ध्वनिक्षेपकांतून सुटा सुटा खाली आला. शेजारी गळा गुंडाळून बसलेल्या गॉर्डीनं चिठ्ठी सरकवली: “पंचांग नको. पण उच्चार झकास.” तोवर लुमी उठून उभी राहिली, डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, आणि मी थिबोदोची शिक्षा एकदाची जाहीर केली.

तिसऱ्या सत्रात आमच्या संघातल्या सर्वांत धाकट्या साराईनं दुसरा गोल केला. दोन-एक. आता शेवटच्या मिनिटाची गंमत तुला माहीत आहेच: निवेदक म्हणतो “एक मिनिट बाकी”, आणि सगळे प्रेक्षक एका सुरात म्हणतात “आभारी आहोत.” समोरच्यांनी आपला गोलरक्षक काढून सहावी आक्रमक आणली होती, सहाच्या सहा जणी लुमीभोवती, आणि घड्याळ एक मिनिटावर आलं. मी तोंड उघडलं. काही निघेना. छप्पन्न सेकंद. पंचावन्न. पाच हजार माणसं आभार मानायला टपून बसलेली आणि मी मासा. शेवटी वाइनो मागून गरजला, “मास्तर, बोल की! आम्हाला घरी जायचंय!” तरी नाहीच. मग सगळं सभागृह आपणहूनच म्हणालं, “आभारी आहोत.” त्या हशातच लुमीनं एक चेंडू पायानं अडवला, दुसरा छातीवर घेतला, आणि तिसऱ्यावर आडवी पडून खेचरासारखी अडून बसली ती भोंगा वाजेपर्यंत.

(तू म्हणशील, चेंडू नव्हे, चकती. तुझ्या टोपीनंतर तुला तो अधिकार उरलेला नाही.)

पुढचं थोडक्यात. कॉलेजच्या एकसष्ट वर्षांतलं पहिलं अजिंक्यपद. मार्लीननं मला हात धरून बर्फावर नेलं, सतरंजी संपली तिथे मी संपलो, आणि वर उल्लेखलेला साष्टांग घडला. त्याचंही चित्रण झालं आहे. मंगळवारी शिबिराचं पत्र आलं: पाचांत लुमी आहे. रविवारपासून गावात मी ‘मुलीचा बाप’. सोमवारी न्याहारीला लुमी वेलचीचा पाव कॉफीत बुडवत हसत म्हणाली, “बाबा, शेवटच्या मिनिटाला तुझी वाचा का बसली रे?” मी म्हटलं, तटस्थपणामुळे.

तुझा,
आर्वो

ता. क. टोपी दुरुस्त करू नकोस. विद्यार्थ्यांना तशाच बारा हव्या आहेत. चुकीसकट.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचं खरं कारण. फोन करत नाही, कारण स्वयंपाकघरातलं सगळं तिच्या खोलीत ऐकू येतं. तुझा गुडघा दुखतो आहे, एकटीला जमत नाही, असं सांगून लुमीला या आठवड्यात तुझ्याकडे बोलावून घे. नसेल दुखत तर खोटं बोल. आणि आल्यावर तिला तुझ्या जुन्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे ने. मी विषय काढला तर शिबिराचं नाव सांगून उठून जाते. तिची आई गेल्यापासून ती ऐकते ती तुझंच. शिबिर गेलं तर जाऊ दे.

ता. क. तिसरा. वाचा बसल्याचा तो प्रश्न तिनं त्या सकाळी तीनदा विचारला. त्याच शब्दांत, तसंच हसत, दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखा. दुसऱ्या वेळी मला वाटलं चिडवते आहे. काल डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हणाल्या, बर्फावर तिला विचारलं होतं, कुठे आहेस, वार कोणता, सत्र कितवं, गुण किती, शेवटचा गोल कुणाचा. तिनं सगळी उत्तरं अचूक दिली, म्हणून खेळू दिलं. ताई, ती उत्तरं त्याच वेळी मी छतावरून सांगत होतो. बाईंना हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. मला भीती वाटते आहे.