तीनशे नव्या नोकऱ्या

३ मार्च, मंगळवार

कारखाना बंद! नोटीस फळ्यावर आणि मॅनेजर मागच्या दाराने पसार. आम्ही दोनशे नव्वद जण घरी. सतरा वर्षं कातड्याचे हातमोजे शिवले मी इथे — अंगठा जोडायचं काम माझं, ते सगळ्यांना जमत नाही. देणं देतील म्हणे. पण सतरा वर्षांची ज्येष्ठता? ती काय पिशवीत घालून घरी न्यायची?

निघताना मशीनच्या पायपट्टीवरची निळी चिंधी सोडायला बसले. पाय घसरू नये म्हणून प्रत्येकीने आपापल्या रंगाची चिंधी गुंडाळलेली. रंगावरून मशीन कुणाचं ते कळतं. गाठ सुटेना. राहू दिली. सगळी मशीनं भंगारात जाणार आहेत म्हणे.

८ मार्च, रविवार

ह्यांना मात्र काम मिळालं. बंदराभोवती कुंपण घालून 'मुक्त बंदर' केलंय, तिथली मालवाहतूक. आमचा टेम्पो दोन वर्षं निम्मा वेळ दारातच उभा असायचा, आता फेऱ्यांवर फेऱ्या. "काय वाहता?" विचारलं. "बंद पेट्या. आपल्याला काय करायचंय!" आणि जेवायला बसले. एरवी रस्त्यातला खड्डा न् खड्डा सांगणारा माणूस!

११ मार्च

लेकीची शाळेत वादविवाद स्पर्धा. मुक्त बंदराने आपल्या भागाचा फायदा की तोटा? तिच्या वाट्याला फायदा. ओट्याशी उभी राहून पाठ करते — कुंपणाच्या आत येणाऱ्या मालावर कर नाही, म्हणून कारखाने येतात, रस्ते होतात, तीनशे नव्या नोकऱ्या निघतात. मी म्हटलं, "आणि बाहेर कर भरून धंदा करणाऱ्यांनी काय करायचं?" "आई, ते दुसऱ्या बाजूचं आहे, मला नको सांगूस!"

खोटं कशाला बोलू, रस्ता चांगला झालाय. म्हणजे बंदराकडचा. आमच्या गल्लीत अजून ठेचाच लागतात. कारखान्याच्या दारातला चहावाला टपरी उचलून कुंपणाच्या फाटकाशी गेला, तो खूश. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणतो, "इकडचं गिऱ्हाईक तिकडे गेलं, वाढलं कुठे?" त्याचं डोकं त्याच्या कात्रीपेक्षा बरं चालतं.

२३ मार्च, सोमवार

कुंपणाच्या आत भरती! आणि कारखाना हातमोज्यांचाच. आम्ही सगळ्याजणी रांगेत. माझ्या शेजारच्या मशीनवरची ठसका — ती बोलली की समोरच्याला ठसका लागतो — खिडकीतल्या बाईंना म्हणाली, "अनुभव सतरा वर्षं लिहू की अठरा?" "लिहूच नका. सगळ्यांना शिकाऊ म्हणूनच घेणार आहेत."

म्हणजे सतरा वर्षं पाण्यात! अंगाचा तिळपापड झाला. तरी सही केली. गरजवंताला अक्कल नसते.

२ एप्रिल

चाचणी झाली. अंगठा जोडून दाखवला. तपासनीस म्हणाला, "पटकन शिकलात हो!"

१० एप्रिल, शुक्रवार

लेक पहिली आली! तीनशे नोकऱ्यांच्या वाक्यावर टाळ्या पडल्या म्हणे. "आई, त्यातली एक तुझी!" म्हणून गळ्यात पडली. मला भरून आलं. हे उठून टेम्पो धुवायला गेले. सकाळीच धुतला होता.

१५ एप्रिल, बुधवार

कामाचा पहिला दिवस. फाटकावर पिशवी तपासली. भिंतींना ताजा रंग, पाटीवर नवं नाव, केबिनमध्ये तोच मॅनेजर! मला बघून फोन कानाला लावला. बाहेर कातड्यावर कर भरावा लागायचा, आत माफ — म्हणून गडी नुसता कुंपण ओलांडून आला. आजूबाजूला पाहिलं तर सगळ्या आमच्याच. तीनशेतले खरे नवे दहा, तेही फाटकावरचे पहारेकरी.

मला पंचविसावं मशीन दिलं. हिरव्या रंगाने चकचकीत. बसले, पाय ठेवला. खाली वाकून पाहिलं — निळी चिंधी. गाठ माझीच.

त्याच दिवशी, घरी

ह्यांना ताट वाढलं. विचारलं, "टेम्पोत चढवताना फार जड लागलं का?"

हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "तुझं गोणपाटात गुंडाळून नेलं. खरचटू नये म्हणून."