चार नंबरचे तीन ठोके

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुझ्याकडे चार दिवस राहिलो, पण हे बोललो नाही. लाज वाटली. विभागप्रमुखाची जागा सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर मलाच मिळणार, असे सगळे धरून चालले होते. तिथे सत्तावीस वर्षांची मुलगी आली आहे. केबिन तिने सामान ठेवायला दिली आणि आमच्यातच उभी राहून काम करते. मला दादा म्हणते, तुम्हाला काय वाटते असे विचारते. साहेबाने सांगायचे आणि आपण करायचे, एवढेच मला ठाऊक. मी गप्प बसतो.

काल तर पायाखालची जमीनच सरकली. तिने मशीनांवर हादरे मोजून त्यांची नाडी बघणारी यंत्रे बसवली आहेत. त्यांच्या अहवालात आले की माझे चार नंबरचे लेथ रोज सकाळी तीन जोराचे हादरे खाते, आतून खिळखिळे झाले आहे, मोडीत काढा. फक्त मी तुझ्याकडे होतो ते चार दिवस ते बरे होते म्हणे. ताई, मी रोज देवाचे नाव घेऊन त्याला लाकडी हातोडीने ठोकतो, कान लावतो. मला तर आवाज खणखणीत येतो. माझे कान गेले, की देवानेच पाठ फिरवली? शनिवारी ट्रक येणार आहे. अन्न गोड लागत नाही.

भाचीला आशीर्वाद. तुझी माया आहे म्हणून एवढे लिहिले.

तुझा धाकटा भाऊ


८ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. अरे ठोक्या, हातोडी किती वेळा मारतोस? तीनदाच ना? घरातले प्रत्येक पातेले तीनदा वाजवून बघायचास, म्हणून तर हे नाव पडले. तू इथे असताना मशीन बरे कसे झाले, एवढे तरी सुचायला हवे होते. हादरे तूच देतोस.

शनिवारच्या आत त्या मुलीला सांग. पोरीसमोर कमीपणा वाटेल, लोक हसतील, हे कळते मला. पण माझी लेकही वडीलधाऱ्या माणसांची साहेब आहे. ती म्हणते, ते माझ्याशी भांडले तरी चालेल, पण नुसते गप्प बसतात त्याची धास्ती वाटते. तुझ्या गप्प बसण्याला तिथे कोणी मोठेपणा म्हणत असेल, या भ्रमात राहू नकोस.

दोन घास जेव. माझा जीव तुझ्यापाशी आहे, हे काय लिहायला हवे?

ताई


२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितले. तेही सगळ्यांसमोर, कारण एकटीला गाठायला तिला केबिनच नाही. सगळे पोट धरून हसले. ती हसली नाही. ट्रक तिने परत पाठवला आणि ते तीन ठोके म्हणजे तब्येत ठीक, असे यंत्राला शिकवले.

पुढे मी दोन दिवस तापाने घरी होतो. आज गेलो आणि दारातच थबकलो. चार नंबरवर लाल दिवा, आणि ती माझी हातोडी घेऊन उभी. ठोके पडले नाहीत म्हणून यंत्र दोन दिवस लेथ सुरूच होऊ देत नव्हते. तिने ठोकून पाहिले होते, पण तिचे ठोके त्याला पटेनात. तिने हातोडी माझ्यापुढे धरली आणि मला शिकवा म्हणाली. ताई, साहेबाला शिकवायचे! मी तिला मनगट सैल सोडायला सांगितले. चौथ्या खेपेला दिवा हिरवा झाला.

मग तिने विचारले, ठोकताना तुमचे ओठ हलतात, तेव्हा काय म्हणता? सव्वीस वर्षांत एकाही साहेबाने हे विचारले नव्हते. मी हातोडी पुसून जागेवर ठेवली. उद्या सकाळी तिला सांगणार आहे.

आजवर सांभाळलेस, तसेच पुढेही सांभाळ.

तुझा
ठोक्या