आखाड्यातला डबा आणि कोठीतला डबा

अकोला, १२ जानेवारी

वस्ताद,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला दोन ओळीही लिहिल्या नाहीत, याची आधी माफी मागतो. तुम्ही असतानाही मी पत्रं लिहिणारा नव्हतोच. अमरावतीला आलो की आखाड्यात येऊन पाया पडायचो, तेवढंच. आज लिहितोय ते रोजनिशीच्या पानावर, त्यामुळे हे कुठे जाणार नाही हे मला ठाऊक आहे. पण गुरुवारी मी माझ्या मुलीशी तुमचं नाव घेऊन खोटं बोललो, आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवून तिने एक गोष्ट बंद केली. तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी महिन्यावर आली आहे. ते खोटं दुरुस्त करायचं, तर तुम्ही जे कोणाला सांगू नको म्हणाला होतात ते सांगावं लागेल. म्हणून आधी तुमच्याशी बोलतो.

झालं असं. ज्वारी दळायला न्यायची म्हणून मी कोठीचं झाकण काढलं आणि पायली आत घातली, तर ती कशावर तरी खट्कन आपटली. दाणे बाजूला सारले. आत एक काळा डबा आणि त्याला टेकून एक लहान डबी. डब्यावर दंड फुगवलेला माणूस. डब्यात प्रोटीनची पावडर, डबीत क्रिएटिन. मुलगी तेव्हा ओट्याशी उभी राहून भिजवलेले चणे खात होती. एकवीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी धावण्यात ती पुढे होती, गोळाफेकीत मागे पडली आणि यादीत नाव आलं नाही. मी डबा ओट्यावर ठेवून विचारलं, "हे काय आहे?" ती शांतपणे म्हणाली, "प्रोटीन आहे बाबा. दारू नाही." तिची आई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तिले काहून विचारता? कोठीत मीच ठेवला. तुमच्या डोळ्याले दिसला असता त घर डोक्यावर घेतलं असतं तुमी." म्हणजे या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मग मी तुमची गोष्ट काढली. ही गोष्ट मी मुलीला ती पाच वर्षांची असल्यापासून सांगत आलोय, आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना दरवर्षी एका तरी वर्गाला. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे. अंजनगावचा माझा जोडीदार मामाने पाठवलेला पावडरचा डबा घेऊन आखाड्यात येतो, आणि लंगोट बांधायच्या आधी सगळ्यांना झाकण उघडून वास देतो. तुम्ही कापसाच्या जिनिंगमधली पाळी संपवून आलेले, केसांत अजून कापसाचे तंतू. डबा हातात घेता, उलटा-पालटा करून पाहता. "काय बे, डब्ब्यात ताकत भेटते का?" तो म्हणतो, "भेटते म्हंतात, वस्ताद." तुम्ही म्हणता, "मंग या मातीले देऊन पाहू. तीन पिढ्यांपासून मार खाऊन राह्यली बिचारी. जरा गब्रू होऊ दे तिले." आणि सगळा डबा कुस्तीच्या हौद्यात रिकामा करता. ताक, तेल आणि हळद घालून आम्ही जी माती रविवारी खणून ठेवली होती, तिच्यात ती पिवळसर पावडर फावड्याने कालवली जाते. जोडीदारही आमच्यासोबत हसतो, पण त्याचे कान लाल झालेले मला आजही दिसतात.

दुसऱ्या दिवशी हौद्यात मुंग्या. काळ्या नव्हे, लाल. माती वरखाली केली तशा त्या आणखी खोल गेल्या. आठवडाभर कुस्ती बंद. तुम्ही आम्हाला फरशीवर जोर-बैठका मारायला लावल्या आणि स्वतः हौद्याच्या काठावर बसून मुंग्यांना शिव्या दिल्या. तुमच्या घरच्या मागच्या दारातून काकू तुमच्यावर ओरडल्या, "पाजा आणखी मातीले पावडर!" त्या आठवड्यात मी मनाशी एक निष्कर्ष काढला. मुंग्या आल्या म्हणजे त्यात साखर होती, साखर होती म्हणजे बाकी सगळी थाप. पुढे जीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, शिकवायला लागलो, तरी हा निष्कर्ष मी पुन्हा कधी तपासून पाहिला नाही. मुंगी गोडाला लागते, यातून एवढंच सिद्ध होतं की डब्यात काहीतरी गोड होतं. माणसाच्या मांडीचं काय होतं हे मुंगीला कसं कळणार? माझ्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

गुरुवारी मात्र मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली आणि वर म्हणालो, "माझ्या वस्तादांनी असला डबा मातीत ओतला होता." मुलीने नीट ऐकून घेतलं. तिला तुम्ही एकदाच पाहिलंत, दहा वर्षांची असताना. तिचा पंजा हातात घेऊन "दाबून पाह्य" म्हणालात आणि खोटंखोटं कळवळलात. ते ती अजून सांगते. तिने विचारलं, "वस्ताद आजोबांनी सोता कधी घेतली होती का? घेतल्याशिवाय कसं समजलं त्यांना?" विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी म्हणालो, "नाही. शेवटपर्यंत नाही." ती डब्याकडे पाहून म्हणाली, "बरं. मंग मलेबी नको." डबा आणि डबी तिने माझ्या टेबलावर आणून ठेवली. रुसली नाही, भांडली नाही. ती भांडली असती तर मला हे लिहावं लागलं नसतं.

तुम्ही पडलात तेव्हा मी अकोल्याहून एस.टी.ने आलो होतो. न्हाणीत पाय घसरून खुबा मोडलेला, ऑपरेशन होऊन महिना झालेला. चादर बाजूला झाली आणि मी तुमची मांडी पाहिली. ज्या मांडीवर आम्ही दोघं-दोघं उभे राहायचो ती माझ्या मनगटाहून थोडीच जाड राहिली होती. तुमच्या सुनबाईंनी पेल्यात दूध आणलं, डब्यातून दोन चमचे पावडर घातली आणि ढवळायला लागल्या. मी कुठे पाहतोय हे तुम्हाला कळलं. "पाहून काय राह्यला? औषध हाय," तुम्ही म्हणालात. पेला अर्धा संपवून तुम्ही मिशी पुसली आणि हळू आवाजात म्हणालात, "डॉक्टरनं देल्ली. बरं वाटून राह्यलं लेका, उठून बसता येते आता. पण आखाड्यात नको सांगू. पोट्टे हासतीन." नाही सांगणार, मी म्हणालो. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. त्यानंतर मी ही गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही.

आता मला स्वतःशीच नीट वागायचं आहे. आजारी म्हातारा माणूस पावडर पिऊन उठून बसतो, यावरून तरुण मुलीचा गोळा लांब जाईल असं ठरत नाही. तोही मुंग्यांसारखाच पुरावा झाला. म्हणून शुक्रवारी मी तो डबा आणि डबी पिशवीत घालून माझ्या एका मित्राकडे गेलो. तो दुग्धशास्त्र शिकवतो. त्याने मागचं लेबल वाचलं आणि हसायलाच लागला. "अरे, हे त दूध नासवून चीज केल्यावर जे पाणी उरते ना, ते वाळवलेलं. एके काळी डेअरीवाले हे नालीत सोडून देत. आता डब्यात भरते न् वर पहिलवान चिकटवते." मी जरा खूश होऊन विचारलं, "म्हणजे थापच ना?" तो म्हणाला, "थाप कशी? दुधातलंच प्रोटीन हाय. तुयी माय तुले दूध पाजे तेव्हा थाप होती का?" मग चणे, मूग, दूध, पनीर खाऊन भागत नाही का, असं मी विचारलं. भागतं, तो म्हणाला, रोज पुरेसं पोटात जात असेल तर वरून पावडर घेऊन फारसा फरक पडत नाही. "पण पोट्टी पाचले मैदानात, नऊले क्लासले. ते खाते कवा, हे पाह्यलं का तू?" मी पाहिलं नव्हतं. ती जेवणाच्या डब्यातली अर्धी पोळी परत आणते एवढंच पाहिलं होतं, आणि त्यावरून तिला बोललो होतो.

क्रिएटिनबद्दल तो जास्त गंभीर झाला. हे आपलं शरीरही थोडं बनवतं आणि मांस-मासळीतून मिळतं. आमच्या घरी दोन्ही शिजत नाही. एका दमात लावायच्या जोराला, जसं गोळा फेकणं, त्याने थोडी मदत होते असं बऱ्याच वेळा तपासून दिसलं आहे. थोडी, हा शब्द त्याने दोनदा वापरला. व्यायामाशिवाय नुसतं घेऊन काही होत नाही. सुरुवातीला अंगात पाणी धरून वजन वाढतं, ते पाहून लोक दंड वाढले म्हणून नाचतात. आधी एकदा डॉक्टरांकडून किडनी तपासून घ्यावी, खात्रीच्या दुकानातून घ्यावं, आणि चरबी जाळणारे, मर्दानगी वाढवणारे जे बाकीचे डबे मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांत कायद्याने चालणारं काय आणि न चालणारं काय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मी सगळं लिहून घेतलं. निघताना तो म्हणाला, "तुयी आखाड्याची थंडाई, बदाम, खसखस, ते काय होतं? तुया वस्तादचं सप्लिमेंटच होतं ना बे!" मला राग आला.

काल मी मुलीची सरावाची वही मागितली. तिने दिली. दिवाळीपासून रोजचं अंतर लिहिलं आहे, टेपने मोजून, एक बोटही जास्त न धरता. गोळा तेव्हापेक्षा जवळजवळ दीड हात पुढे जातोय. पण त्याच दिवाळीनंतर मैदानावरच्या सरांनी तिची पाय फिरवायची पद्धत बदलली, त्याच वेळी ती वजनं उचलायला लागली आणि मोबाईल लवकर ठेवून झोपायला लागली. त्या दीड हातात पावडरचा वाटा किती, सरांचा किती, झोपेचा किती, हे मला वहीवरून सांगता येत नाही. तुम्हाला आखाड्यात सांगता आलं असतं का, तेही कळत नाही. मला वाटतं, तिच्याबाबतीत डबा बहुतेक तिच्या चुकलेल्या जेवणाची जागा भरत होता, आणि डबीचा थोडाफार उपयोग होत असावा. एवढंच. यासाठी घर डोक्यावर घ्यायचं कारण नव्हतं, आणि तिनेही ते आंधळेपणाने घ्यायला नको होतं. तिने आधी डॉक्टरांना विचारायला हवं होतं. मला विचारायची सोय मीच ठेवली नव्हती.

डबा बंद करून आज तिला तीन दिवस झाले. तीन दिवसांनी अंतर कमी होत नाही हे मला समजतं. पण आज दुपारी ती पुन्हा तुमचीच गोष्ट आपल्या मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "बाबाचे वस्ताद त शेवटलोक नुसत्या दुधावर होते," आणि तिच्या आवाजात अभिमान होता. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होतो. पुढची उत्तरपत्रिका मला दोनदा वाचावी लागली. पुढे यादीत तिचं नाव आलं तर ती ते तुमच्या नावावर टाकेल, आणि नाही आलं तर एक शब्द न बोलता स्वतःच्या नावावर टाकेल. दोन्ही चूक असेल आणि दोन्ही माझ्यामुळे.

तुम्हाला दिलेला शब्द मोडू नये म्हणून खोटं बोललो, असं मला या पत्रात लिहायचं होतं. सुरुवात त्याच इराद्याने केली. पण तसं नाही. तिने प्रश्न विचारला तेव्हा मला तुमचा शब्द आठवलाच नव्हता. लेकीसमोर आणि बायकोसमोर हरायचं नव्हतं, आणि तुम्ही हाताशी होतात. तुम्ही "पोट्टे हासतीन" म्हणाला होतात. ही हसणार नाही, एवढं मी तुम्हाला सांगू शकतो.

उद्या: ती मैदानावर निघण्याआधी तिला सांगणे, की वस्ताद पावडर घेत होते.